ताणा कुठं बांधायचा

टॅब्लेट म्हटलं की सविताबाईंना गोळ्याच आठवायच्या. घरात गोळ्यांचा डबाच तेवढा मोठा होता. त्यामुळं सायली फोनवर म्हणाली, "आई, तू टॅब्लेट विव्हिंग करून बघ," तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "आता आणखी कसली गोळी? त्यांना का मला?"

सायली पुण्याहून खळखळून हसली आणि सविताबाईही हसल्या. आतल्या खोलीत चंदरराव झोपले होते, म्हणून त्यांनी पदर तोंडाशी धरला. हसताना त्यांना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

दोघांचं सगळं आयुष्य मखमलाबादच्या मळ्यात गेलं होतं. गुलाब, शेवंती, बिजली, दसऱ्याला झेंडू. पहाटे तोडणी व्हायची, आणि उजाडायच्या आत चंदरराव टेम्पो भरून फूलबाजारात पोचलेले असायचे. दुपारी शेडमध्ये जुड्या बांधता बांधता चिमाजी नावाच्या जुन्या दोस्ताबरोबर त्यांचा रमीचा डाव चालायचा. एक हात सुतळीवर आणि एक हात पत्त्यांवर. सविताबाई ओरडायच्या, आणि मग चंदरराव त्यांनाही पानं वाटायचे.

एका सकाळी चंदरराव बाजारातून रिक्षानं घरी आले.

"टेम्पो कुठाय?" सविताबाईंनी विचारलं.

"कसला टेम्पो?" ते म्हणाले आणि चहा मागितला.

टेम्पो दोन दिवसांनी सापडला, फुलं आतल्या आत कुजलेली. त्यानंतर गिऱ्हाइकांची नावं गेली, मग रस्ते गेले, मग सायलीच्या मुलाचं नाव. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि सांगितलं, हा आजार मागं फिरत नाही, सांभाळत राहायचं. मळा करायला कुणी उरलं नव्हतं. तो देऊन टाकला आणि दोघं मखमलाबाद नाक्याजवळ तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. लिफ्ट होती, पण ती निम्मा वेळ बंदच असायची.

इथं सविताबाईंना करायला काही नव्हतं आणि बाहेर जायची सोयही नव्हती. चंदररावांना एकटं सोडता येत नसे. टीव्ही लावला की ते त्यातल्या माणसांना घाबरत. सविताबाई गहू निवडून झाले की पुन्हा निवडत. आईच्या आवाजावरून सायलीला ते कळत होतं. बँकेतली नोकरी सोडून येणं तिला जमणार नव्हतं, म्हणून दिवाळीला ती जाड सुताचे रंगीत गुंडे घेऊन आली.

"आपल्या घरातले पत्ते कुठायत?" तिनं आल्या आल्या विचारलं.

रमीचा जोड कपाटात होता. सायलीनं एकेक पत्ता कापून चौकोनी केला आणि पंचिंग मशिननं चारी कोपऱ्यांना भोकं पाडली. चंदरराव समोर बसून बघत होते.

"राणी कापली का गं?" ते म्हणाले. "आता खेळायचं कशानं?"

"खेळायचं नाही, अण्णा. विणायचंय."

विणणं तसं सोपं होतं. सायली म्हणत होती त्या टॅब्लेट म्हणजे हे भोकांचे पत्तेच. प्रत्येक पत्त्याच्या चार भोकांतून चार धागे ओवायचे. असे वीसेक पत्ते एकाला एक लावून उभे धरायचे आणि सगळा गठ्ठा हातानं फिरवायचा. फिरवला की धाग्यांत फट पडते. तिच्यातून आडवा धागा घालायचा, दाबून बसवायचा, पुन्हा फिरवायचा. बोट-बोट करत नक्षीची पट्टी तयार होते. माग लागत नाही, आवाज होत नाही. अडचण होती ती आधीच्या कामाची. उभे धागे, म्हणजे ताणा, लावायचा कसा?

"दोन पद्धती आहेत," सायली म्हणाली. "एक म्हणजे सगळे धागे आधी सारख्या लांबीचे कापून घ्यायचे आणि एकेका पत्त्यात ओवत बसायचं. खूप वेळ लागतो. दुसऱ्या पद्धतीत धागे कापायचेच नाहीत. चार गुंडे खाली ठेवायचे, त्यांची टोकं पत्त्यांच्या सगळ्या गठ्ठ्यातून एकदमच ओवायची आणि दोन खांबांभोवती फेऱ्या मारायच्या. दर फेरीला एक पत्ता मागं सोडायचा. तासाभरात काम होतं. पण मध्ये थांबता येत नाही. ताण सुटला की सगळा गुंता."

"मग पहिलीच बरी," सविताबाई म्हणाल्या. "मला कधीही उठावं लागतं."

"ओवून झाल्यावर धागे विंचरताना पलीकडचं टोक धरायला कुणीतरी लागेल मात्र."

"हे आहेत की."

सायलीनं वडलांकडं पाहिलं आणि पहिला पत्ता ओवायला घेतला.

ओवून झाल्यावर चंदररावांनी टोक धरलं. नुसतं धरलं नाही, नीट धरलं. हातात सूत आलं की त्यांच्या बोटांना आपोआप समजायचं. जुडी आवळताना जसं दोरीला पीळ देत, तसं त्यांनी धाग्यांचं टोक मुठीभोवती गुंडाळलं, पाय रोवले आणि गॅलरीच्या दाराशी उभे राहिले. सविताबाई दुसऱ्या बाजूनं बोटांनी धागे विंचरत पुढं आल्या.

"लय सैल सोडलं तू," ते म्हणाले. "ओढ जरा. बाजारात जायच्या आत सुटंल सगळं."

बाजार कुठला नि काय, पण ओढ म्हणाले ते बरोबर होतं. सविताबाईंनी ओढलं. त्या दिवशी दोघांनी बरोबर बसून वरणभात खाल्ला आणि चंदररावांनी कधी नव्हे ते भात पुन्हा मागून घेतला.

पहिली पट्टी वाकडी झाली. कडा कुठं आत, कुठं बाहेर. सायलीनं ती कौतुकानं पर्सला लावली आणि फोटो पाठवला. सविताबाईंनी लगेच दुसऱ्या पट्टीचे धागे कापले, निळे आणि पिवळे. आठवडाभर दुपारी चंदरराव झोपले की त्या ओवत बसायच्या. एकेका पत्त्याला चार धागे. मध्ये ते उठले की पत्ते दोऱ्यानं बांधून ठेवायच्या. पुढच्या दुपारची वाट बघावी असं काहीतरी घरात होतं.

ओवून संपल्यावर त्यांनी चंदररावांच्या हातात टोक दिलं आणि विंचरायला सुरुवात केली. अर्ध्यात आल्या असतील नसतील, तेवढ्यात ते चालायला लागले. धागे मुठीत, आणि सरळ दाराच्या दिशेनं. पत्ते फरशीवरून खरडत निघाले, खुर्चीच्या पायाला अडकले.

"अहो! धरा ना! कुठं निघाला?"

ते थांबले नाहीत. सविताबाई ओरडल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. "एवढं एक काम सांगितलं तर तेवढंही होत नाही का तुमच्याच्यानं!"

चंदरराव वळले. त्यांचा चेहरा घाबरलेला होता. त्यांनी मूठ सोडली आणि हात जोडले.

"रागावू नका, ताई," ते म्हणाले. "माझा टेम्पो उभा हाय बाहेर. मालाला ऊन लागंल. तुमचं काय नेलं नाय मी."

आजवर ते त्यांना अगं म्हणत, तू म्हणत. तापात बडबडतानासुद्धा त्यांनी कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. सविताबाई स्वयंपाकघरात गेल्या, नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं. बाहेर ते अजून हात जोडून उभे असतील हे त्यांना माहीत होतं, तरी जाववत नव्हतं. शेवटी गेल्या. ते तसेच उभे होते.

"जा," सविताबाई म्हणाल्या. "माल पोचला. मी पाठवून दिला."

"लय उपकार झाले," चंदरराव म्हणाले आणि जाऊन झोपले.

निळ्या-पिवळ्याचा गुंता सुटला नाही. त्यांनी तो कापून पत्ते मोकळे केले.

मग दुसरी पद्धत. पलीकडं माणूस नकोच. खिडकीचं ग्रिल हा एक खांब आणि समोरच्या भिंतीकडच्या जड कपाटाची कडी हा दुसरा. चार गुंडे भांड्यांत ठेवले, म्हणजे घरंगळणार नाहीत. चंदररावांना गाढ झोप लागलेली बघून त्यांनी सुरुवात केली. ग्रिलपासून कपाटापर्यंत, कपाटापासून ग्रिलपर्यंत. दर फेरीला एक पत्ता. काम भराभर होत होतं. ताण एका हातानं धरून ठेवायचा, की झालं. थोडेसेच पत्ते उरले होते आणि चंदरराव दारात येऊन उभे राहिले.

त्यांची नजर पत्त्यांवर होती. सविताबाईंच्या हातात ताण असल्यामुळं त्या हलू शकत नव्हत्या.

"अहो, तिथंच थांबा. एवढं होऊ द्या."

"चिमाजी आला नाय अजून?" ते म्हणाले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि ताण्यावरचे पत्ते खाली ओढून घेऊन वाटायला लागले. एक स्वतःपुढं, एक सविताबाईंसाठी, एक चिमाजीसाठी. प्रत्येक पत्त्याला धागे लोंबत होते, एकातून दुसऱ्यात गेलेले. चौकोनी करताना पत्त्यांची वरची-खालची बाजू कापली गेली होती, कोपरे भोकांनी गेले होते, तरी त्यांना पानं ओळखू येत होती. "किलवर," ते म्हणाले. "तुझी पाळी."

चिमाजीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सविताबाईंनी हातातला ताण सोडला. धागे भसकन खाली आले. त्या समोर बसल्या आणि एक पान टाकलं. खेळाला काही अर्थ नव्हता, पानं धाग्यांमुळं एकमेकांना ओढत होती, पण त्यांनी आपल्याला पुन्हा तू म्हटलं, एवढ्यासाठी त्या अंधार पडेपर्यंत खेळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पत्ते मांडले, तर चंदररावांना ते काय आहे हेच समजेना.

सायलीला त्यांनी यातलं निम्मंच सांगितलं.

"मग कमरेला बांध," सायली म्हणाली. "एक टोक ग्रिलला आणि दुसरं तुझ्या कमरेला. कितीतरी ठिकाणी बायका असंच विणतात. मागं रेललीस की ताण बसतो, पुढं झालीस की सुटतो. दुसरं कुणी लागतच नाही."

या वेळी सविताबाईंनी पुन्हा पहिल्यासारखे धागे कापले, लाल आणि पांढरे, आणि शंकरपाळ्याची नक्षी धरली. जुन्या ओढणीनं पट्टीचं टोक कमरेला बांधलं आणि ग्रिलकडं तोंड करून बसल्या. ही पद्धत खरंच चांगली होती. शरीराचा भारच ताण धरत होता. कडा सरळ येत होत्या. शंकरपाळे एकामागून एक उमटत होते आणि त्यांचं मन पहिल्यांदाच त्यात गुंतलं. फक्त ग्रिलकडं तोंड केलं की दाराकडं पाठ व्हायची.

त्या दुपारी सिलेंडर आला होता. सिलेंडरवाला गेल्यावर त्यांनी दार लोटलं, पण वरची कडी घातली नाही. चंदरराव सोफ्यावर पेंगत होते. सविताबाई येऊन बसल्या, ओढणी बांधली आणि विणायला लागल्या. बऱ्याच वेळानं मागं लॅचचा खटका ऐकू आला.

"अहो?"

दाराची फट वाढताना उजेड भिंतीवर सरकला. त्या उठायला गेल्या आणि ताण्यानं त्यांना मागं खेचलं. दुपारभर मागं रेलून ओढणीची गाठ आवळून घट्ट झाली होती. कात्री मांडीपाशीच होती. एकदा चालवली असती तर पुरे होतं. पण आता सैल होईल, आता सुटेल म्हणत सविताबाई नखांनी गाठ सोडवत राहिल्या. शंकरपाळे अर्ध्यावर आले होते. इतके दिवस ओवलेले धागे होते. "अहो, थांबा, आले मी," त्या म्हणत राहिल्या. जिन्यावर चपलांचा आवाज एका मजल्यापुरता ऐकू आला, मग आलाच नाही.

गाठ सुटली तेव्हा खालून स्नेहाची हाक आली. स्नेहा पहिल्या मजल्यावर राहणारी, नुकतं लग्न होऊन आलेली मुलगी. "काकू! काकू, लवकर या! अण्णा पडलेत!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मग छातीत कफ साठला, तो निवळेपर्यंत महिना गेला. घरी आणलं तेव्हा चंदररावांचे पाय काड्यांसारखे झाले होते आणि बोलणं जवळजवळ थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, उठवायचा प्रयत्न करा. सगळ्यांनी केला. ते उठले नाहीत.

सायली पंधरा दिवस राहिली. एकदा बापाच्या अंगावरची चादर सारखी करताना तिनं विचारलं, "दार उघडं कसं राहिलं, आई?"

"सिलेंडरवाला आला होता."

"तुझी चूक नाही गं. कुणाच्याही घरी होईल असं."

सविताबाईंनी मान हलवली. कात्रीचं त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सायलीनं त्यावरही काहीतरी समजूत काढली असती, आणि ती ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

पुण्याला जाताना सायली सकाळच्या कामासाठी साळूबाईंना लावून गेली. साळूबाई मूळच्या पेठ तालुक्यातल्या. आता पंचवटीत राहायच्या आणि आजारी माणसांची कामं करायच्या. अंग पुसणं, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं. कमी बोलायच्या आणि हात हलका होता. रिक्षात बसता बसता सायली आईला म्हणाली, "आता तुला जरा निवांतपणा मिळेल. अण्णा कुठं जायचे नाहीत. तुझं विणकाम पुन्हा सुरू कर."

ती चांगल्या मनानंच म्हणाली होती.

उन्हाळा लागल्यावर एकदा झाडताना सविताबाईंना सोफ्यामागं लाल-पांढरी पट्टी सापडली. त्या दिवशी ग्रिलवरून कुणी सोडली, कुणी गुंडाळून ठेवली, काही आठवत नव्हतं. त्यांनी ती उजेडात धरली. पत्ते ओळीत होते. एकही धागा तुटलेला नव्हता. शंकरपाळे अर्ध्यापर्यंत सरळ, त्यापुढं ताणा तसाच वाट बघत. नखांनी सोडवून त्यांनी तो खरोखरच वाचवला होता.

चंदररावांची लोखंडी कॉट आता हॉलमध्येच होती, कारण आतल्या खोलीत साळूबाईंना दोन्ही बाजूंनी वावरायला जागा पुरत नसे. कॉटची दांडी जड होती आणि उंचीही बरोबर होती. सविताबाईंनी पट्टीचं एक टोक तिला बांधलं आणि दुसरं ग्रिलला. ताण उत्तम बसला. कमरेला काही बांधायची गरज नव्हती. केव्हाही उठता येत होतं. मनात आणलं असतं तर गुंडे मांडून फेऱ्याही मारता आल्या असत्या, कुणी मध्ये येणार नव्हतं. कुठलीही पद्धत निवडावी अशी जागा होती, वेळ होता, शांतता होती.

त्यांनी पत्ते फिरवले, आडवा धागा घातला, दाबला. पुन्हा फिरवले. एक शंकरपाळा पुरा झाला. प्रत्येक वेळी धागा दाबला की कॉट किंचित हलायची आणि तिच्याबरोबर उशीवरचं डोकं हलायचं, मागं-पुढं, इतकंच. चंदररावांचे डोळे उघडे होते, छताकडं लागलेले. दुसरा शंकरपाळा निम्मा झाला आणि सविताबाईंचे हात थांबले. त्यांनी दोन्ही टोकं सोडली, पत्ते, गुंडे, पट्टी सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि पिशवी दारामागं ठेवली.

सकाळी साळूबाई आल्या तशी त्यांनी ती पिशवी पुढं केली.

"हे घेऊन जा. घरी पोरी असतील, शिकतील. मी दाखवते कसं करायचं ते."

साळूबाईंनी पट्टी बाहेर काढून बघितली. नक्षीवरून अंगठा फिरवला. "लय भारी केलंय हो ताई," त्या म्हणाल्या. मग पट्टी घडी घालून परत पिशवीत ठेवली. "पर मला नाय जमायचं. एक खोली, तिच्यात सहा जणं. दोरी कुठं ताणू? येताजाता पाय अडकून पडतील सगळे."

"कुणाला तरी देऊन टाका."

"कुणाला देऊ? तुमीच करा. तेवढाच वेळ जातो."

स्नेहाला विचारून बघावं असं सविताबाईंच्या मनात आलं, पण स्नेहा हल्ली जिन्यात भेटली की घाईघाईनं बाजूनं निघून जायची. त्या दुपारी चंदरराव तिच्या दारापुढंच पडले होते. विचारावंसं वाटलं नाही. पिशवी दारामागं राहिली.

साळूबाईंनी गरम पाण्याची बादली कॉटजवळ आणली आणि बाह्या वर केल्या. सविताबाई दुसऱ्या बाजूला गेल्या, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. दोघींनी मिळून चंदररावांना कुशीवर वळवलं. साळूबाईंनी सदरा वर केला आणि पडून पडून पाठीवर झालेली जखम बघितली.

"आज जरा सुकल्यासारखी वाटती," त्या म्हणाल्या.

सविताबाईंना इकडूनही जखमेचा वास येत होता.

"हो," त्या म्हणाल्या, आणि साळूबाईंचं पुसून होईपर्यंत चंदररावांना धरून उभ्या राहिल्या.